वजन उतरवताना स्नायू कसे राखायचे: गोव्याच्या ताटातला प्रोटीनचा हिशेब

गोव्यात कुणी वजन कमी करायचं मनावर घेतलं की घरात पहिली बातमी पसरते ती "भात सोडला" ही. मग सकाळी पपई, दुपारी दोन चपात्या नि भाजी, रात्री सूप. महिनाभरात काटा तीन-चार किलो खाली येतो, शेजारीपाजारी कौतुक करतात. पण त्याच महिन्यात जिना चढताना मांड्या भरून येऊ लागतात आणि भरलेला सिलिंडर सरकवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. लोक याला अशक्तपणा म्हणतात आणि टॉनिक आणतात.

खरं कारण वेगळं आहे. खाणं कमी पडलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं, तसंच स्नायूही मोडून वापरतं. काहीच काळजी घेतली नाही तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. हे थोपवायला दोनच गोष्टी लागतात: पोटात पुरेसं प्रोटीन आणि स्नायूंवर वजनाचा ताण. मी हे सगळं फोंडा तालुक्यातल्या घरी, बैठी नोकरी सांभाळून, घरच्यांच्या सणवारात राहून केलं. तेव्हा जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली ती इथे क्रमाने देत आहे. जिमवाल्यांचे तक्ते ब्रोकोली नि ओट्सपासून सुरू होतात. आपण बांगडा, अळसांदे (गोव्याची चवळी) आणि पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) यांपासून सुरू करू.

१. आधी स्वतःची तपासणी

प्रोटीन वाढवणं निरोगी माणसाला धोक्याचं नाही. पण पुढच्यांपैकी कुणी असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा लेख अमलात आणू नका:

- मूत्रपिंडाचा आजार असलेले, किंवा ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे (खाणं कमी केलं की डोस बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाते)
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका
- युरिक ॲसिड जास्त असलेले, अंगठा सुजणारे (तारले म्हणजे सार्डिन, बांगडा, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, सुंगटं म्हणजे कोळंबी, यांनी त्यांचा त्रास वाढू शकतो)

बाकीच्यांनीही सुरुवातीला क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), हिमोग्लोबिन, बी१२ आणि व्हिटॅमिन डी एवढ्या तपासण्या करून रिपोर्ट फाईलला लावून ठेवावेत. सहा महिन्यांनी काही बिघडलं असं वाटलं तर तुलनेला काहीतरी हाताशी असतं.

साठी उलटलेल्या आई-वडिलांना मात्र आपल्याबरोबर "डाएट"वर घालू नका. त्या वयात गेलेला स्नायू परत आणणं फार कठीण. त्यांचं प्रोटीन वाढवा, वजनाचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

२. हाताशी काय हवं

- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चार-पाचशे रुपयांत मिळतो. यादीतल्या याच एका वस्तूवाचून खरोखर अडतं.
- शिंप्याची मोजपट्टी, कंबरेसाठी
- वही-पेन. मोबाइलवरचं ॲपही चालेल, पण त्यात आपलं हुमण (माशाची खोबऱ्याची कढी) नि तोंडाक (कडधान्याची खोबरं घातलेली आमटी) सापडत नाही आणि सापडलं तर आकडा भलताच असतो.
- रेझिस्टन्स बँडची (व्यायामाच्या ताणायच्या रबरी पट्ट्यांची) एक जोडी, किंवा जुनी पाठपिशवी आणि त्यात भरायला तांदूळ

प्रोटीनची पावडर या यादीत नाही. तिची पाळी पुढे येईल.

३. तुमचा आकडा काढा

राष्ट्रीय पोषण संस्थेने (हैदराबाद) भारतीय प्रौढांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. हा आकडा वजन स्थिर असणाऱ्या निरोगी माणसासाठी आहे. खाणं कमी करून वजन उतरवत असाल तर तेवढ्यावर भागत नाही. दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. नियमित वजनं उचलणारे १.६ च्या बाजूला, नुसतं चालणारे १.२ च्या बाजूला.

कुठलं किलो धरायचं? वजन बरंच जास्त असेल तर आजचं धरू नका, जिथे पोचायचं आहे ते धरा. चरबीला प्रोटीन लागत नाही. समजा एका बाईचं वजन ७४ किलो आहे आणि तिला ६० वर यायचं आहे. ६० गुणिले १.५ म्हणजे ९० ग्रॅम. पुढची सगळी उदाहरणं मी या ९० वर बेतली आहेत.

हे ९० ग्रॅम एका बैठकीत कोंबायचे नसतात. दर जेवणात २५ ते ३० ग्रॅम आले तर स्नायूंना त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्याकडे न्याहारीला पाच, दुपारी पंधरा आणि रात्री जे काय असेल ते, अशी वाटणी असते. मला विचाराल तर अडचण एकूण आकड्यापेक्षा या वाटणीत जास्त आहे.

४. चार दिवस काही न बदलता मोजा

या चार दिवसांत एक सोमवार आणि एक रविवार येऊ द्या, कारण गोव्यातल्या घरात या दोन दिवसांची ताटं एकमेकांना ओळखत नाहीत. नेहमीचंच खा, फक्त काट्यावर ठेवून खा.

मोजताना एक गोष्ट घट्ट धरा. मासे, चिकन, डाळी यांचे आकडे कच्च्या वजनाचे असतात. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण वाटीभर वरणात डाळ जाते जेमतेम २०-२५ ग्रॅम. म्हणजे त्या वाटीतून मिळतात पाच ग्रॅम. "आम्ही रोज डाळ खातो" या वाक्याची एवढीच किंमत आहे. चिकनचं उलट होतं. शंभर ग्रॅम कच्चं चिकन शिजून सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम भरतं, प्रोटीन मात्र तेवढंच राहतं.

आता मासा. आम्ही मासे खाणारे, आम्हाला प्रोटीनची काय कमी, असा आपला समज असतो. मध्यम आकाराचा बांगडा घ्या, काट्यावर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल. डोकं, कल्ले, पोट काढा, मग मधला काटा. खाण्याजोगं मांस उरतं निम्म्याच्या जवळपास, म्हणजे ७५ ग्रॅम. त्यात प्रोटीन १४-१५ ग्रॅम. बाजारातून आणलेले चार बांगडे पाच माणसांत वाटले गेले आणि शेपटीकडचा तुकडा तुमच्या ताटात आला, तर तुमच्या वाट्याला दहा ग्रॅमही येत नाहीत. बाकी ताट भरलेलं असतं शिताने आणि खोबऱ्याच्या हुमणाने. घरात तो शेपटीकडचा तुकडा बहुतेक वेळा रांधणाऱ्या बाईच्याच ताटात जातो, हेही या चार दिवसांत वहीत दिसेल.

सुंगटांचंही तसंच. पाव किलो सुंगटं सोलली की साधारण निम्मी उरतात आणि त्यातून २४-२५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. ते एका माणसाला पुरेसं आहे, पण आपण त्यात चौघांचं भागवतो. तिसऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. शिंपल्यांचा डोंगर उरतो आणि मांस वाटीभर. चवीला खा, हिशेबात धरू नका.

रोज लागणारे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सगळे १०० ग्रॅम कच्च्या, खाण्याजोग्या भागाचे, आणि ठोकळ:

- बांगडा, तारले, इसवण (सुरमई), सुंगटं: १८ ते २१ ग्रॅम
- चिकन, हाडाशिवाय: २२ ग्रॅम
- अंडं: एकात ६ ग्रॅम
- मूगडाळ, मसूर: २४. अळसांदे, कुळीथ, तूर: २१ ते २४. हरभरे: १९-२०
- सोयाचे सुके गोळे: ५० च्या वर
- पनीर: १८
- दूध, दही: ३ ते ३.५
- उकडे तांदूळ: ७ ते ८ (वाटीभर शिजलेल्या भातात ३-४)
- ओलं खोबरं: ३, आणि त्याबरोबर ३३ ग्रॅम चरबी

शेंगदाणे आणि काजू मुद्दाम गाळले. शेंगदाण्यात २५ आणि काजूत १८ ग्रॅम प्रोटीन असतं, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. काजूच्या मोसमात गोव्यातला प्रत्येक नातेवाईक "काजूत प्रोटीन असतं गो" म्हणत वाडगा पुढे करतो. चार घ्या. वीस ग्रॅम प्रोटीनसाठी काजू खायचे तर एका जेवणाइतक्या कॅलरी पोटात जातील.

५. न्याहारीपासून सुरुवात करा

मी पुन्हा पहिल्यापासून केलं तर पहिल्या दोन आठवड्यांत न्याहारीशिवाय कशालाही हात लावणार नाही. रात्रीच्या उपासानंतरचं हे पहिलं खाणं, आणि आपल्याकडे ते जवळपास सगळं पिठाचं असतं. पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला, पाव-पोई घेतली, बरोबर बटाट्याची सुकी भाजी किंवा जाम. नाहीतर पोहे, नाहीतर शिरा. दहाच्या सुमाराला वाडगाभर पेज. पोटाला बरं, घामाच्या दिवसांत उत्तम, पण या सगळ्यात मिळून पाच-सहा ग्रॅम प्रोटीन.

बदल छोटे ठेवा. पोई ठेवा, तिच्याबरोबरची भाजी बदला:

एका पोईबरोबर दोन अंड्यांचं ऑमलेट आणि वाटीभर अळसांद्यांची किंवा मुगाची पातळ भाजी, वर पेलाभर दूध. अंड्यांतून १२, भाजीतून ७-८, दुधातून ६-७. झाले २५ ते २७. पोईतलं प्रोटीन मी धरतच नाही, ते वरकड. अंड्याचा पिवळा बलक फेकू नका. जवळपास निम्मं प्रोटीन त्यातच असतं, आणि बी१२ सुद्धा.

बाहेर खात असाल तर गोव्यातल्या न्याहारीच्या हॉटेलात "भाजी-पाव" मागताना बटाटा टाळून मूग, वाटाणे किंवा चणे मागा. संध्याकाळच्या गाड्यावरचं रस-ऑमलेटही (मसालेदार रश्श्यातलं ऑमलेट) वाईट नाही, रस थोडा नि अंडी दोन सांगितलीत तर. पाव मात्र दुसरा घेऊ नका. कठीण आहे, मला माहीत आहे.

पेज सुटत नसेल तर सोडू नका. तिच्याबरोबर लोणच्याऐवजी भाजलेला सुका बांगडा किंवा उकडलेलं अंडं घ्या.

६. दुपारचं ताट: हुमण राहू दे, वाटणी बदला

ताटात आधी मासा वाढा, मग भाजी, शेवटी शीत. क्रम बदलला की प्रमाण आपोआप बदलतं. भाताची मूद ओंजळभरावरून वाटीभरावर आली तरी पुष्कळ झालं.

दोन बांगडे हे एका माणसाचं माप समजा (२८-३० ग्रॅम). तारले स्वस्त असतात तेव्हा तारले घ्या. इसवणीच्या तुकडीला जे पैसे जातात त्यात तारल्यांचा ढीग येतो आणि प्रोटीन सारखंच. मोरीत (शार्क माशात) प्रोटीन भरपूर आहे, पण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, तेव्हा ती अधूनमधून. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर त्यांना नको.

खोबऱ्याचा हिशेब मात्र टाळता येत नाही. घरातल्या हुमणाला अर्धा-एक नारळ जातो, आणि वजन उतरवताना न दिसणाऱ्या कॅलरी असतात त्या याच. मी घरात असं सुचवलं की आठवड्यातून दोन दिवस हुमणाऐवजी आंबट-तिख करावं. त्यात खोबरं लागत नाही. बाकीच्या दिवशी मासा हुमणातून काढून घ्यायचा आणि रस दोन पळ्यांवर थांबवायचा. रव्यात घोळवून तळलेला मासा तेल पितो. त्याऐवजी रेशाद मसाला भरून तव्यावर चमचाभर तेलात भाजा, किंवा हळदीच्या पानात गुंडाळून वाफवा. रवा सोडल्याचं दुःख चार दिवस टिकतं.

चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) म्हणजे प्रोटीन नव्हे. त्यात चरबी आणि मीठ जास्त. सणाला खा, हिशेबाबाहेर.

७. सोमवार, गुरुवार, श्रावण, चवथ

इथे बहुतेकांची गाडी घसरते. सोमवारी मासे नाहीत, कुणाकडे गुरुवारीही नाहीत, श्रावणात महिनाभर नाहीत, आणि चवथीत गोडधोड. शाकाहारी दिवसाचं गोव्यातलं ताट म्हणजे भात, वरण, बटाट्याची किंवा भेंडीची भाजी, सोलकढी, पापड. हिशेब केला तर बारा ग्रॅमसुद्धा मुश्किलीने.

शाकाहारी दिवसाची तयारी आदल्या रात्री करावी लागते, कारण कडधान्य भिजत टाकायचं असतं. रविवारी रात्री भांडी आवरताना अळसांदे भिजवले नसतील तर सोमवारी ९० ग्रॅम विसरा.

माझा चालून गेलेला सोमवार असा:

सकाळी ६० ग्रॅम मूगडाळ वाटून तिची घावनं, बरोबर २०० ग्रॅम दही: २०-२१ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम सुक्या अळसांद्यांचं तोंडाक, वाटीभर वरण, थोडं दही, भात बेताचा: १९. संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे आणि पेलाभर दूध: १२-१३. रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम सोयाचे गोळे, एक भाकरी: १८ ते २०. भात-भाकरीतून आणखी सात-आठ येतात. एकूण ऐंशीच्या आसपास. नव्वद होत नाहीत. एखाद्या दिवशी दहा ग्रॅम कमी पडल्याने स्नायू वितळत नाहीत, आठवड्याची सरासरी पाहा. श्रावणभर असंच चालणार असेल तर मात्र पुढचा पावडरचा मुद्दा वाचा.

तोंडाकालाही खोबऱ्याचं वाटण लागतं, त्याला पर्याय नाही. निम्मं करा. वाटण दाट व्हायला मूठभर शिजलेले अळसांदेच त्यात वाटून घाला, घरात कुणाला कळत नाही.

दह्याचा एक उपयोग लोक विसरतात. अर्धा किलो दही फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की चक्का तयार होतो. त्यात साखर घालून आपण श्रीखंड करतो. साखरेऐवजी मीठ, मिरची, कोथिंबीर घातली तर १२-१३ ग्रॅम प्रोटीनचं तोंडी लावणं होतं. खाली गळलेलं पाणी भाकरीच्या पिठात घाला.

सोयाच्या गोळ्यांना नाक मुरडू नका. पण गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळून घ्या, नाहीतर तो वास सगळ्या शाकुतीला (भाजलेल्या मसाल्याच्या रश्श्याला) लागतो. शाकुतीचा मसाला मात्र त्यांना छान मुरतो.

डाळींचं प्रोटीन अर्धवट असतं, असं कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. तांदळात जे अमिनो आम्ल कमी असतं ते कडधान्यात असतं, आणि उलटही. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं, एकाच घासात जायची गरज नाही.

८. जून-जुलै: मासेमारी बंदीचे दिवस

१ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. बाजारात येतं ते नदी-खाजणातलं, बाहेरगावचं किंवा बर्फातलं, आणि भाव ऐकूनच भूक जाते. याच दिवसांत पावसामुळे चालणंही बंद पडतं. माझ्या पाहण्यात अर्धे लोक इथेच सगळं सोडून देतात.

मे महिन्यात पुरुमेताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी होते तेव्हा सुक्या माशांबरोबर कडधान्याचाही साठा करा: अळसांदे, कुळीथ, मूग, चणे, मसूर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अळसांदे मिळतात, थोडे महाग पण लवकर शिजतात. या दोन महिन्यांत अंडी आणि चिकन यांवर भर ठेवा.

सुक्या माशात पाणी नसल्याने प्रोटीन दाटीने असतं, पण मीठही दाटीने. रक्तदाब असेल तर तासभर पाण्यात घालून, पाणी बदलून मगच भाजा. सुक्या सुंगटांची किसमूर चवीला झकास, पण वाडग्यात निम्मं खोबरंच असतं, आणि सुंगटं दहा-पंधरा ग्रॅम. ती तोंडी लावण्यापुरती.

९. पावडर: लागते कधी, घ्यावी कशी

जिमच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी हातात पाच किलोचा डबा देईल. माझ्याही हातात दिला होता, किंमत सांगून. घाई करू नका. व्हे पावडर म्हणजे दुधाचं चीज करताना उरलेल्या पाण्यातलं प्रोटीन, त्यात जादू नाही आणि विषही नाही. मासे, अंडी, चिकन खाणाऱ्याला बहुतेक दिवस ती लागत नाही. श्रावण पाळणारे, पूर्ण शाकाहारी, सकाळी सातची कदंबा बस पकडणारे, यांच्यासाठी ती सोय आहे. एक माप म्हणजे साधारण २४ ग्रॅम.

डबा घेताना:

- एका मापाचं वजन आणि त्यातलं प्रोटीन, दोन्ही वाचा. ३२-३५ ग्रॅमच्या मापात २४ ठीक. ७५ ग्रॅमच्या मापात १५ असेल तर तो मास गेनर, म्हणजे बव्हंशी साखर नि पीठ. वजन वाढवायचं औषध ते.
- एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि आयातदाराचं नाव छापलेलं हवं.
- घटकांत ग्लायसिन, टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर परत ठेवा. स्वस्त अमिनो आम्लं घालून प्रोटीनचा आकडा फुगवायची ती युक्ती आहे.
- दूध पचत नसेल तर कॉन्सन्ट्रेट न घेता आयसोलेट (दुधातली साखर जवळपास काढलेली पावडर) घ्या.

"प्रोटीन" लिहिलेली बिस्किटं आणि लहान मुलांची चॉकलेटी आरोग्यपेयं या खात्यात धरू नका. दोन चमच्यांत जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतात, बाकी गोडवा.

भूक मारणारी इंजेक्शनं घेत असाल तर एक खास सूचना. चार घासांत पोट भरतं, म्हणून ते पहिले चार घास मासा, अंडं किंवा पनीर यांचे असू द्या. या मंडळींना पावडरचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

१०. स्नायूंना काम द्या

नुसतं प्रोटीन खाऊन स्नायू राहत नाहीत. त्यांची गरज आहे हे शरीराला दिसावं लागतं. मिरामारच्या किनाऱ्यावर रोज तासभर चालणं हृदयाला चांगलं, पण त्याने खांदे, पाठ, दंड यांना काही कळत नाही.

आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा-पाऊण तास ताणाचा व्यायाम करा. जिम नको असेल तर घरात एवढं पुरतं: खुर्चीवर बसून हात न लावता उठणं, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून दंड, बँड खिडकीच्या गजाला अडकवून मागे ओढणं, पाच किलो तांदूळ भरलेली पिशवी पाठ सरळ ठेवून जमिनीवरून उचलणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा कठीण गेल्या पाहिजेत. सहज जाऊ लागलं की पिशवीत किलोभर तांदूळ वाढवा. न वाढवता तेच ते करत राहणं ही सगळ्यांची सवय, आणि फायदा तिथेच थांबतो.

उन्हाळ्यात हे सकाळी साडेसातच्या आत उरका.

११. काट्याला किती मान द्यायचा

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढंच उतरू द्या. ७४ किलोच्या बाईला हे ३७० ते ७४० ग्रॅम. याहून वेगाने जात असेल तर खूश होऊ नका, ताटात थोडं वाढवा. पहिल्या आठवड्यात मात्र दोन किलोही जातात, ते पाणी असतं.

रोज सकाळी वजन घेतलंत तर आठवड्याची सरासरी लिहा, एकेका दिवसाकडे पाहू नका. रविवारच्या जेवणातलं मीठ सोमवारी काट्यावर किलोभर दिसतं. महिन्यातून एकदा कंबर मोजा, बेंबीच्या रेषेत. आणि एक साधी परीक्षा: ३० सेकंदांत हात छातीशी बांधून खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजा. वजन उतरतंय, कंबर उतरतेय आणि हा आकडा तेवढाच आहे किंवा वाढतोय, तर चरबी जातेय. वजन उतरतंय नि हा आकडाही उतरतोय, तर आधी न्याहारीची पानं उघडून पाहा, मग झोपेची.

प्रोटीन वाढवल्यावर पहिल्या पंधरवड्यात बद्धकोष्ठाची तक्रार हमखास येते. तांबडी भाजी, भेंडी, वाल, एखादी काकडी आणि दोन-तीन पेले जास्त पाणी. इसबगोल लगेच नको.

१२. लग्न, जत्रा, पाहुणे

लग्नाच्या पंगतीत शोधायचं काय? चणा-वाटाण्याची उसळ, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), मठ्ठा. बाकी सगळं गोड नि तळलेलं. निघण्यापूर्वी घरी दोन अंडी किंवा वाटीभर चक्का खाऊन जा, जिलबीची दुसरी फेरी आपोआप टळते. हॉटेलात फिश थाळी घेतली तर तळलेल्या तुकडीऐवजी तव्यावर भाजलेला अख्खा मासा सांगा, आणि भाताची दुसरी वाढणी येण्याआधी ताटावर हात धरा. बिअर आणि फेणीतल्या अल्कोहोलच्या कॅलरी ग्रॅमला सात, प्रोटीन जवळपास नाहीच, आणि बरोबर येणारा चिवडा कुणी मोजत नाही.

ठरवलेल्या वजनाला पोचलात की भात हळूहळू वाढवा, आठवड्याला अर्धी वाटी या गतीने, आणि सरासरी वजन जिथे स्थिर होईल तिथे थांबा. न्याहारी आणि दोन बांगड्यांचं माप मात्र तसंच ठेवा. वही तोवर बंद करायला हरकत नाही, बांगडा हातात घेतल्यावर त्याचं वजन एव्हाना हातालाच कळू लागलेलं असतं.